पिकअपचा नंबर शेवटचा

वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घरी आणली की पहिला सल्ला ठरलेला असतो: पिकअप बदलून टाक. सांगणारा बहुधा आपल्यापेक्षा चार वर्षे जास्त वाजवलेला मित्र असतो, त्याचा हेतू चांगला असतो आणि त्याने स्वतःच्या गिटारवर हेच केलेले असते. पिकअपमागोमाग बाकीचे सामान येते. लॉक होणारे ट्यूनर, ट्रेमोलोखालचा जड पोलादी ब्लॉक, हाडाचा नट, नवा स्विच. १५,००० रुपयांच्या गिटारवर आणखी २०,००० चढतात आणि ती आता ६०,००० च्या गिटारला हार जात नाही, असे छातीठोकपणे सांगितले जाते. हा सल्ला मला मान्य नाही. त्याकडे दुर्लक्ष करून गप्प बसावे इतका तो निरुपद्रवीही नाही, कारण त्यापायी नुकत्याच वाजवायला लागलेल्या मुलामुलींचे साठवलेले पैसे भलत्या जागी जातात आणि गिटारचा खरा दोष तसाच राहतो.

जुनी गिटार कशामुळे नकोशी होते ते आधी पाहू. सूर टिकत नाही. पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर कॉर्ड धरली की बेसूर लागते. कुठे तार खरखरते, वर कुठे बेंड करताना स्वर मध्येच गुदमरतो. यांतला प्रत्येक दोष पिकअपला कळण्याआधीच घडून गेलेला असतो. पिकअप करतो ते काम सरळ आहे. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये सुमारे आठ हजार. वरची पोलादी तार हलली की कॉइलमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कॉइलच्या टोकांशी क्षीण व्होल्टेज तयार होते. पिकअपला कळते ती तारेची हालचाल. फ्रेटला घासून मेलेली तार तो मेलेलीच ऐकवणार. आणि महाग, अधिक स्वच्छ पिकअप बसवला तर ती खरखरही अधिक स्वच्छ ऐकू येणार.

सूर टिकत नाही म्हणून ट्यूनर बदलणारे सर्वांत जास्त, म्हणून तिथून सुरुवात करतो. गिटारच्या ट्यूनरमध्ये वर्म गिअर असतो. मूठ फिरवली की खुंट फिरतो, पण खुंट ओढून मूठ उलटी फिरत नाही. १४:१ च्या अगदी साध्या ट्यूनरमध्येही तारेचा ताण गिअरला मागे सरकवू शकत नाही. तेव्हा शाबूत ट्यूनर आपोआप सैल पडतो हे सहसा खरे नसते. सैल असतो तो ट्यूनरला हेडस्टॉकवर धरणारा नट किंवा स्क्रू, आणि तो पान्याने आवळता येतो. नाही तर तारच खुंटावर नीट गुंडाळलेली नसते. आणि त्याहूनही अधिक वेळा दोष असतो फिंगरबोर्डच्या टोकाच्या नटमध्ये. तार सावकाश चढवत न्या. टिंग असा बारीक आवाज होऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. बेंड करून सोडल्यावर सूर उतरलेला राहणे आणि ट्रेमोलो दाबून सोडल्यावर चढलेला राहणे, हेही त्याच अडकण्याचे परिणाम आहेत. पेन्सिलीच्या शिशाची पूड खाचेत घालून पाहा. फरक पडला तर दोष सापडला. मग योग्य जाडीच्या कानशीचे चार हात पुरतात. लॉक होणाऱ्या ट्यूनरमुळे तार बदलणे झटपट होते, खुंटावरचे वेढे कमी होतात, ही सोय मी नाकारत नाही. पण नटची खाच अरुंद असेल तर ती नव्या ट्यूनरनंतरही अरुंदच असते.

खाचेची खोली हा तर याहून मोठा प्रश्न. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. कागद जेमतेम सरकेल एवढी हवी. कारखान्यातून उथळ खाचांसह निघालेल्या स्वस्त गिटारींवर ती याच्या कितीतरी पट असते. परिणामी मोकळ्या तारा सुरात लागतात, पण पहिल्या फ्रेटवर दाबताच तार जास्त ताणली जाऊन स्वर चढतो. एफ कॉर्ड बोटांना टोचते आणि वर बेसूर लागते. किती मुलांनी या एका कॉर्डपायी गिटार कपाटावर टाकली असेल! त्यांना सांगितले जाते की सराव कमी पडतो, किंवा गिटारच स्वस्तातली आहे. दोन्हींचा इथे संबंध नाही. हाडाचा नट चांगलाच, पण खाचा चुकलेला हाडाचा नट हा खाचा नीट कापलेल्या प्लास्टिकच्या नटपेक्षा वाईट. शिवाय बोट फ्रेटवर पडताच नटचा त्या स्वराशी संबंध जवळपास संपतो, तेव्हा केवळ पदार्थ बदलून साऱ्या गिटारचा आवाज पालटतो हा दावा टिकत नाही.

मग फ्रेट. वापरलेल्या गिटारवर सुरुवातीच्या फ्रेटांना बारीक तारांखाली खळगे पडलेले असतात, आणि एखादा फ्रेट जागेवरून उचललेला असतो. आपल्याकडच्या हवेचा मारा वेगळाच. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि नेकचा बाक बदलतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके कडेला हाताला लागू लागतात. ट्रस रॉडला ॲलन की लावून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरच्या आसपास बाक ठेवणे, बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटरवर आणणे, सॅडल मागेपुढे करून इंटोनेशन जुळवणे, एवढ्यात गिटार पुष्कळदा ओळखू येणार नाही इतकी बदलते. उंचसखल फ्रेट घासून एका पातळीत आणणे हे मात्र जाणत्याचे काम आहे. खाऱ्या हवेत सॅडलचे स्क्रू गंजून बसतात आणि फिरत नाहीत म्हणून अख्खा ब्रिज मागवला जातो. गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवले की त्यांतले बरेच फिरतात, आणि नाहीच फिरले तर नुसते स्क्रूही मिळतात.

मिरजेला तंबोरा घेऊन जाणाऱ्याला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. तंबोऱ्याचा आवाज बसला म्हणून तो भोपळा बदलायला जात नाही, जवारी लावून घ्यायला जातो. तारांनी घोडीचा पृष्ठभाग खाल्लेला असतो. कारागीर तो घासून पुन्हा आकाराला आणतो, तारेखालचा दोरा किंचित सरकवतो, आणि त्याच लाकडातून वेगळा आवाज उमटतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या हातांच्या कसबामुळेच. तार जिथे टेकते तिथे तिचा स्वर घडतो, हे ज्ञान आपल्या प्रांतात पिढ्यानपिढ्यांचे आहे. हातात विजेची गिटार येताच आपण ते बाजूला ठेवतो याचे मला मनापासून वाईट वाटते.

समजा तारेची दोन्ही टोके ठीक झाली आणि तरीही आवाज दबलेला किंवा किरटा आहे. तरीसुद्धा पिकअपकडे जाण्याआधी दोन मुक्काम आहेत. पहिला पिकअपची उंची. त्याचे स्क्रू फिरवायला एक रुपयाही लागत नाही. स्ट्रॅटच्या पिकअपमधली चुंबके तारेच्या फार जवळ आली तर ती तारेलाच ओढू लागतात; जाड ई तारेवर वरच्या फ्रेटांमध्ये एकाच स्वराचे दोन स्वर झाल्यासारखे डचमळते आणि काही केल्या इंटोनेशन जुळत नाही. हा दोष पिकअपच्या माथी मारला जातो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप तिच्यापासून दोन-अडीच मिलिमीटर खाली नेला की तो जातो. उलट फार खाली गेलेला हंबकर, म्हणजे दोन कॉइलींचा पिकअप, दुबळा वाटतो, आणि त्याला वर घेणे हे नवा घेण्यापेक्षा बरे.

दुसरा मुक्काम पिकअपनंतरच्या वाटेचा, आणि इथे आकडेच बोलू देत. पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो. त्या कंप्रतेपाशी आवाजाला उठाव येतो आणि तिच्या वरचे सारे वेगाने गळते. पिकअपची ओळख म्हणून आपण जे ऐकतो त्यातला मोठा वाटा या उठावाचा असतो. स्ट्रॅटच्या पिकअपचा इंडक्टन्स २.४ हेन्री धरा. चांगल्या तीन मीटर केबलची ३०० आणि कॉइलची स्वतःची १०० अशी ४०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरली, तर हा उठाव ५,१०० हर्ट्झच्या आसपास येतो. आता तीच गिटार ९०० पिकोफॅरडच्या लांब, हलक्या केबलला लावा. उठाव थेट ३,२५० हर्ट्झवर उतरतो. पहिल्याच केबलवर पिकअप काढून साडेचार हेन्रीचा हंबकर बसवला असता तर तो ३,७५० च्या आसपास आला असता. म्हणजे नुसत्या केबलने जेवढा उठाव सरकला तेवढा पिकअपची जात बदलूनही सरकला नसता. हंबकर दोन ठिकाणांहून तार ऐकतो, त्याचा आवाज इतर अंगांनीही वेगळा असतो, हे मान्य. पण 'आवाजात चमक नाही' एवढ्या तक्रारीवर पिकअप मागवणाऱ्याने आधी शेजाऱ्याची चांगली, आखूड केबल लावून पाहायला हवी. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटचेही तसेच. २५० किलोओमचा म्हणून विकलेला पॉट २० टक्के इकडेतिकडे चालतो, म्हणजे प्रत्यक्षात तो २०० चा किंवा ३०० चा असू शकतो, आणि पॉट जितका कमी किलोओमचा तितका तो उठाव दाबतो. आधीच्या मालकाने हंबकरच्या गिटारमध्ये ५०० ऐवजी २५० चा पॉट बसवला असेल, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटणारच. मल्टिमीटर लावून दहा मिनिटांत कळणारी ही गोष्ट आहे. थंड बसलेला सोल्डर, खरखरणारा पॉट, सैल जॅक हेही त्याच दहा मिनिटांत सापडतात.

या मल्टिमीटरवरून आणखी एक गैरसमज फोफावला आहे. पिकअपचा रेझिस्टन्स जितका जास्त तितका तो दमदार, असे समजून लोक आकडे पाहून खरेदी करतात. रेझिस्टन्स तारेच्या लांबीने वाढतो तसा जाडी कमी झाल्यानेही वाढतो. ४२ ऐवजी ४३ गेजची बारीक तार वापरली की तेवढ्याच वेढ्यांत आकडा वाढतो आणि जोर जागच्या जागी राहतो. चुंबक कोणते, तारेपासून अंतर किती, कॉइलचा आकार कसा, यातले काहीही त्या आकड्यात दिसत नाही. दोन अगदी सारख्या बांधणीच्या पिकअपची तुलना करायला तो आकडा ठीक आहे, किंवा कॉइल तुटलेली आहे का हे पाहायला.

घुमण्याची तक्रार वेगळी काढतो, कारण तिच्यात धोका आहे. सिंगल कॉइल पिकअप भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतो, हा त्याचा स्वभाव. ती घालवण्यासाठीच गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन उलट्या कॉइलींचा हंबकर तयार केला, १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९५७ पासून तो गिब्सनच्या गिटारींवर आला. तेव्हा जुना सिंगल कॉइल घुमतो म्हणून नवा, महाग सिंगल कॉइल बसवणारा पुन्हा घुमणारा पिकअपच विकत घेतो. तारांना हात लावताच जी खरखर थांबते, ती तर बहुतांशी उघड्या पोकळीतून आत शिरलेली असते. पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडली की ही खरखर खूप कमी होते. जुन्या इमारतींमध्ये सॉकेटला अर्थिंगच नसते, आणि घूं थांबावी म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारेही मी पाहिले आहेत. हे कधीही करू नये. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे आणि केबलमार्गे ॲम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर ती पिन हीच वाजवणाऱ्याची ढाल असते. पिकअपवर खर्च करायला निघालेल्या घरात आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता समोरच्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा. थोर वादकांनी गिटारी उघडल्या, पिकअप बदलले, आणि त्यातूनच नवे आवाज जन्मले, असे ते म्हणतात. खरे आहे. पण त्यांनी काय आणि का बदलले ते नीट पाहा. एडी व्हॅन हेलनला गिब्सनचा हंबकर आणि फेंडरचा ट्रेमोलो एकाच गिटारवर हवे होते, आणि तशी गिटार तेव्हा त्याला कुठे मिळत नव्हती. त्याने ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरची नेक घेतली, आपल्याच गिब्सनमधला जुना हंबकर काढून तिच्यात बसवला, ब्रिजपाशी तारा जास्त पसरलेल्या असल्याने तो तिरका लावला, मोठ्या आवाजात तो किंचाळू नये म्हणून मेणात बुडवला. प्रत्येक कृतीमागे एक नाव घेता येईल असा अडसर होता. डेव्हिड गिल्मूरने १९७० मध्ये न्यू यॉर्कला घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटवर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यातला एक बदल फार बोलका आहे: एक लहानसा स्विच, ज्याने नेककडचा पिकअप इतरांसोबत जोडता येतो. त्यात नवा पिकअप नाही, आहे त्यांची नवी जोडणी आहे. ब्रिजकडचा पिकअपही त्याने बदलला, पण ती गिटार काही वर्षे वाजवल्यानंतर. २०१९ मध्ये ती लिलावात ३९,७५,००० डॉलरला गेली. एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' तर माझ्याच बाजूने साक्ष देते. १९७० मध्ये त्याने नॅशव्हिलमध्ये जुन्या स्ट्रॅट घेतल्या, काही मित्रांना वाटल्या, आणि उरलेल्या तिघींचे हाताला आणि कानाला पटलेले भाग जोडून एक गिटार केली. सगळे भाग वापरलेले, सगळे पारखून घेतलेले.

या तिघांनी सुटे भाग त्यांच्या नावावरून निवडले नाहीत, आणि आपल्याला दिला जाणारा सल्ला नेमका नावांचा असतो. अमुक कंपनीचा संच घे, तमुक ट्यूनर बसव. मग पार्सल आल्यावर कळते की गिटार आशियाई बनावटीची असल्याने तिच्या तारांमधले अंतर ब्रिजपाशी १०.५ मिलिमीटर आहे आणि मागवलेला ब्रिज १०.८ चा आहे. पोलादी ब्लॉक पातळ बॉडीतून मागे बाहेर येतो. अमेरिकन पॉटचा दांडा भोकात शिरत नाही. ड्रिल बाहेर निघते. एकदा लाकूड कोरले की मूळ भाग परत बसवण्याची वाट बंद होते.

आणि पैशांविषयी. वापरलेली गिटार विकताना नव्या भागांची किंमत कोणी देत नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे. पण मला त्याहून मोठी खंत ही की आपण खोक्यात येणाऱ्या वस्तूला २०,००० सहज देतो आणि फ्रेट घासून देणाऱ्याशी ५०० रुपयांवरून घासाघीस करतो. पुणे-मुंबईबाहेर नट कापून देणारा, फ्रेटची पातळी करणारा माणूस शोधायला लागतो. हाताच्या कामाला पैसे न देणाऱ्या वादकांमध्ये तो माणूस तयार होणार तरी कसा? 'आमच्या गावात कारागीर नाही, पिकअप मात्र घरपोच येतो' हे मला दिले जाणारे उत्तर त्यामुळेच पटत नाही. नटच्या कानशी, फीलर गेज आणि ॲलन कीचा संचही घरपोचच येतो, एका पिकअपच्या किमतीहून कमीत, आणि पुढच्या प्रत्येक गिटारला कामी येतो.

पिकअप कधीच बदलू नये असे मी म्हणत नाही. मल्टिमीटरवर कॉइल तुटलेली निघाली तर बदलावाच. मेण झिरपून सैल झालेला, टकटक केल्यावर मायक्रोफोनसारखा वाजणारा पिकअप पुन्हा मेणात बुडवून सुधारला नाही तर बदलावा. काही स्वस्त स्ट्रॅटच्या नकलांमध्ये चुंबकाच्या दांड्यांऐवजी लोखंडी खिळे आणि खाली सिरॅमिक पट्टी असते. त्यांचा आवाज अल्निकोच्या पिकअपपेक्षा खरोखर निराळा असतो आणि ज्याला तो निराळेपणा खुपतो त्याने बदलला तर माझी तक्रार नाही. अट इतकीच की त्याआधी गिटार सेटअप झालेली असावी, तारा नव्या असाव्यात, आणि त्याच केबलवर, त्याच ॲम्पवर मोबाइलमध्ये अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण करून ठेवलेले असावे. मग कमी काय आहे ते एका वाक्यात लिहून पाहावे. 'गेन वाढवला की जाड तारा गढूळ होतात', किंवा 'नेकवरून ब्रिजवर आलो की जोर एकदम पडतो'. अशा वाक्यावरून पिकअप निवडता येतो, आणि पुष्कळदा तीनचा संच न लागता ब्रिजकडचा एकच पुरतो. काढलेला पिकअप, त्याचे स्क्रू आणि स्प्रिंगा एका पिशवीत घालून वर गिटारचे नाव आणि जागा लिहून ठेवावी. उद्या ती गिटार विकायची झाली तर मूळचा भाग परत बसवायचा आणि नवा आपल्याबरोबर पुढच्या गिटारवर न्यायचा.